एक रेघ जास्त

ऑर्लबरी
९ फेब्रुवारी १९९३

हेस्टर,

तुझ्या बापाच्या दफनाला भेटलो त्याला चार वर्षं झाली. मधे नाताळची कार्डं सोडली तर काही नाही. काम आहे म्हणून लिहितोय, उगाच गोड बोलत नाही.

किल्ल्याचा नदीकडचा गोल बुरूज अर्धा उतरवायचं ठरतंय. त्याला एक तडा आहे. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीखालून निघतो, वाकडातिकडा खाली येतो आणि संडासाच्या भुयारापाशी, म्हणजे वरची घाण खंदकात सोडायच्या पोकळीपाशी, भिंतीत शिरतो. किल्ला समितीने शहरातून एक इंजिनियर आणला. तो वीस मिनिटं खालून बघत उभा राहिला, त्यातली दहा छत्री सरळ करण्यात गेली. मग म्हणाला, "तडा वाढतोय. वरचे दोन मजले उतरवा." कर्नल समितीचा अध्यक्ष. त्याने लगेच मान डोलावली. कुणाच्या डोक्यात दगड पडला तर पेपरात त्याचं नाव येईल ना.

सातशे वर्षं उभा आहे तो. राजा आणि पार्लमेंट भांडले तेव्हा उत्तरेचा तट सुरुंगाने उडवला, तेव्हाही हा हलला नाही. मी तेवीस वर्षं त्याच्या अंगाखांद्यावर काम केलंय. तडा वाढत नाहीये. पण माझं ऐकतो कोण? मी चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला गवंडी.

तू जुन्या इमारतींच्या खात्यात आहेस. तुझ्या कागदावर शिक्का असतो. ३ जूनला समितीची बैठक आहे. त्याआधी काही करता येतं का बघ.

अमोस


लिंकन
१६ फेब्रुवारी

प्रिय काका,

पत्र बघून आधी वाटलं, तुम्ही आजारी आहात. पहिलीच ओळ वाचली आणि काळजी मिटली.

अहवाल मी लिहू शकते, खात्याने परवानगीही दिलीय. पण "मला माहीत आहे" एवढ्यावर समिती ऐकणार नाही. तडा कधीपासून आहे? कुणी कधी मोजला होता का? बुरुजात असं काही आहे का, जे दुसरीकडे कुठे नाही? वरच्या मजल्यांच्या दगडांचे जवळून फोटो मिळाले तर फार बरं होईल.

खरं सांगू का, मला ऑर्लबरीबद्दल काहीच माहीत नाही. जगभरचे किल्ले पाहिले आणि तोच राहिला. बाबा तिथे कधीच घेऊन गेले नाहीत. टीव्हीवर किल्ला दिसला की उठून बागेत जायचे. मी या नोकरीला लागले तेव्हा म्हणाले, "पडक्या भिंतींत काय ठेवलंय? बसमध्ये निदान माणसं तरी असतात." तीस वर्षं लेस्टरच्या बस चालवलेल्या माणसाने दुसरं काय म्हणायचं.

बुरुजावर तुमच्याबरोबर आणखी कोण होतं? त्यातलं कुणी हयात आहे का?

हेस्टर


ऑर्लबरी
१ मार्च

हेस्टर,

फोटो पाठवतोय. गफबाई किल्ल्याच्या दारात तिकिटं आणि चहा विकतात, त्यांच्या नवऱ्याने काढले. त्याला पक्षी बघायचा नाद आहे, म्हणून लांबच्या काचेचा कॅमेरा. निम्म्या फोटोंत कावळे आहेत. त्यांच्याकडे बघू नकोस.

तडा मी १९४६ साली कामावर लागलो तेव्हाही होता. मोजला कुणी नाही.

दुसरीकडे नाही असं काय, म्हणतेस. जिना उलटा आहे. गफबाई जे पुस्तक विकतात त्यात लिहिलंय की किल्ल्यातले जिने नेहमी उजवीकडे वळतात, म्हणजे वरून लढणाऱ्याचा तलवारीचा हात मोकळा राहतो. हा डावीकडे वळतो. म्हणून इथला सरदार डावखुरा होता, असंही त्यात छापलंय. अरे, संडासाचं भुयार उजवीकडच्या भिंतीत आहे, तिथे जिना शिरणार कसा? डावीकडे जागा होती, डावीकडे काढला. गवंड्याने केलेल्या कामाला मागाहून लोक लढाया चिकटवतात. मी गफबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "अमोस, संडासाची गोष्ट ऐकायला कोण तिकीट काढेल?"

कामावर चार-पाच माणसं होती. बहुतेक गेली.

इथे थंडी आहे. गुडघा बरा आहे.

अमोस


लिंकन
१४ मार्च

प्रिय काका,

बसला आहात ना? नसाल तर बसा.

सतराव्या फोटोत कावळ्याच्या शेपटीखाली काय आहे ते तुम्ही पाहिलंत का? दुसऱ्या मजल्याची खिडकी, उजवी बाजू, खालून तिसरा दगड. त्यावर पाथरवटाची खूण आहे. बाणाचं टोक, देठाला आडवी रेघ, आणि तिच्या खाली आणखी एक छोटी रेघ.

हॅलोफील्डच्या मठात हीच खूण चाळीस दगडांवर आहे, फक्त ती छोटी रेघ नाही. तो मठ बांधणारा कारागीर कोण होता ते कुणालाच माहीत नाही, पण त्याचा हात आम्ही सगळे ओळखतो. आणि शिकाऊ माणूस तयार झाला की गुरूच्या खुणेला एक रेघ जोडून ती स्वतःची म्हणून वापरायचा, हे मी तुम्हाला काय सांगू. म्हणजे त्याचा चेला ऑर्लबरीला आला होता. आजवर कुणाला माहीत नव्हतं. हे छापून आलं की त्या बुरुजाला हात लावायची कुणाची हिंमत होणार नाही. कर्नलची तर नाहीच.

मे महिन्यात यावर व्याख्यान द्यायचं ठरवलंय. एकच गोष्ट हवी. तुम्ही त्या भिंतीवर काम केलंय. तो दगड मूळचा आहे असं दोन ओळींत लिहून द्या. तुमच्या नावाने अहवालाला जोडते.

काका, आज बाबा हवे होते. ते काहीच बोलले नसते, पण हवे होते.

हेस्टर


ऑर्लबरी
२२ मार्च

हेस्टर,

पत्र मिळालं. चष्मा बदलायचाय, त्यामुळे फोटो नीट दिसत नाही.

एका ओरखड्याचं एवढं कौतुक कशाला. तड्याबद्दल लिही. भिंत तळाला नऊ फूट जाड आहे ते लिही. पाया थेट खडकावर आहे. बाहेरून घडीव दगड, मधे चुना आणि दगडगोटे, असलं काम एका तड्याने पडत नसतं. मागे कुणीतरी दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरल्यात, त्या उकरून चुन्याने भरायला हव्यात. सिमेंटमुळे भिंतीत पाणी अडकतं आणि दगड सडतो. याचं व्याख्यान दे.

शेजारच्या मेंढ्या व्यायला लागल्यात. मला बोलावतात.

अमोस


लिंकन
२ एप्रिल

प्रिय काका,

मेंढ्यांना माझा नमस्कार सांगा. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडेच असेल, कारण तुम्ही दिलेलं नाही.

अहवालाचा मसुदा मी कर्नलना पाठवलाय. त्यांचा लगेच फोन आला. एवढ्या खुशीत होते की मला दोनदा "बेटा" म्हणाले. ती खूण त्यांना भांडी पुसायच्या टॉवेलांवर छापून विकायची आहे. बुरूज उतरवायचं तूर्त बाजूला ठेवलंय, ३ जूनला तसं जाहीर करतील. म्हणजे तुमचा बुरूज वाचल्यातच जमा आहे.

तुमची चिठ्ठी तेवढी राहिली. नाही आली तर तुमचं काही म्हणणं नाही असं धरते.

हेस्टर


ऑर्लबरी
९ एप्रिल, गुड फ्रायडे

हेस्टर,

म्हणणं आहे.

तो दगड १९५८ सालचा आहे. खूण तुझ्या बापाने कोरली.

हे पत्र मी चार वेळा लिहून चुलीत घातलं. आता सरळ सांगतो.

रूबेन कधी बसवाला नव्हता. म्हणजे नंतर झाला. आधी तो या खोऱ्यातला सगळ्यात चांगला पाथरवट होता, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. आमचा बाप पण हेच काम करायचा. माझं शिकणं संपलं तेव्हा बापाने मला त्याची खूण दिली, एक रेघ जोडून. रूबेन माझ्याहून सात वर्षांनी लहान. त्याची वेळ यायच्या आतच बाप गेला. मग थोरला म्हणून ती मी द्यायची होती. रूबेनने दोनदा विचारलं. मी म्हणालो, "आता सरकारी कामात खुणा कोण बघतो? सोड ती थेरं." तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही.

अठ्ठावन्न साली त्या खिडकीचे दगड बदलत होतो. एक जुना दगड हात लावला की वाळू होऊन गळायचा. पण त्यावर खूण शाबूत होती. बाणाचं टोक, एक आडवी रेघ. तुझ्या मठवाल्याची. म्हणजे तो स्वतःच इथे आला होता. ते मी डोळ्याने पाहिलंय. पण दगड खाली उतरवताना त्याचा भुगा झाला, तेव्हा माझ्या डोळ्यांना विचारून काय उपयोग.

रूबेनने नवीन दगड जुन्या पद्धतीने घडवला. यंत्राने कापलेला त्याला बघवायचा नाही. पाथरवटाच्या कुऱ्हाडीने ताशीव केला, मग जुनी खूण जशीच्या तशी उतरवली, आणि खाली एक रेघ जोडली. मी म्हणालो, "हे काय?" तो म्हणाला, "तू देत नाहीस, तर याच्याकडून घेतली. हा नाही म्हणाला नाही."

तेव्हा नियम होता. नव्या दगडावर साल घालायचं, जुनी खूण घालायची नाही, नाहीतर पुढे कुणीतरी फसेल. नियम बरोबर होता. तूच फसलीस ना. नोव्हेंबरात तपासनीस आला. मी मुकादम. त्याने वरवर बघितलं, वही मिटली आणि म्हणाला, "सगळं ठीक?" मी म्हणालो, "दुसऱ्या मजल्यावर एका दगडावर खोटी खूण आहे. माझ्या भावाचे चाळे."

का म्हणालो? एवढी वर्षं विचार करतोय. मला वाटलं होतं त्याला दोन शब्द ऐकवतील. तपासनिसाने त्याला त्याच दिवशी काढलं. परांची उतरवली होती म्हणून दगड तेवढा राहिला.

रूबेनने हत्यारं गुंडाळली. आवाज चढवला नाही. म्हणाला, "खरं बोललास, अमोस. फक्त तुला कुणी विचारलं नव्हतं."

चार महिन्यांनी तू झालीस, लेस्टरला.

तू किल्ल्यांच्या नोकरीला लागलीस तेव्हा त्याने मला कार्ड पाठवलं. लिहिलं होतं, "तिला सांगू नकोस." एवढंच. मी सांगितलं नाही. आज सांगतोय. त्याच दगडाबद्दल मी दुसऱ्यांदा चुगली करतोय हे मला कळतं. पण तू भर सभेत उभी राहशील आणि कुणीतरी शिडी लावून तो दगड जवळून बघेल. मग तुझं काय राहील?

बुरूज पडला तर पडू दे.

अमोस


ऑर्लबरी
१ मे

हेस्टर,

तीन आठवडे झाले. पत्र नाही. ठीक आहे. मीही लिहिलं नसतं.

गफबाई सांगतात, कर्नल चिडलाय. तू अहवाल मागे घेतलास म्हणे. टॉवेल छापायला गेले होते ते थांबवावे लागले. बुरूज उतरवायचा विषय परत ३ जूनच्या बैठकीत आलाय.

हे पत्र वेगळ्या कारणाने. तू पहिल्याच पत्रात विचारलं होतंस, तडा कुणी मोजला होता का. मी नाही म्हणालो. मला खरंच आठवलं नव्हतं. रूबेनबद्दल मी एवढी वर्षं काही आठवूच देत नव्हतो स्वतःला. आता एक दार उघडलं तर मागचं सगळं पडायला लागलंय.

त्याच अठ्ठावन्न सालच्या ऑक्टोबरात तो संडासाच्या भुयारात शिरला होता. खंदकाच्या बाजूने तोंड आहे, आता तिथे लोखंडी जाळी आहे. तडा आतून तिथेच जातो. आत ना वारा, ना पाऊस, ना कुणाचा हात. रूबेन काचेच्या पट्ट्या घेऊन गेला होता. पट्टी तड्यावर आडवी ठेवायची आणि दोन्ही टोकांना प्लास्टर थापायचं. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. मी खालून ओरडत होतो, "वर सिमेंटचं काम पडलंय आणि तू राजाच्या संडासात काय करतोस?" तो आतून म्हणाला, "बुरुजाला विचारतोय, बरा आहेस का."

बाहेर आला तेव्हा नखशिखांत काळा. आम्ही आठवडाभर हसलो. मग नोव्हेंबर आला.

काचा आहेत की नाहीत माहीत नाही. आहेत तर अख्ख्या आहेत की फुटल्यात तेही माहीत नाही. भोक दीड फूट रुंद. मी एकाहत्तर वर्षांचा आणि माझं पोट बघितलंयस तू. समितीतला एकही जण त्यात मावणार नाही.

जाळीची चावी गफबाईंकडे ठेवलीय. माझ्याकडे यायची गरज नाही.

अमोस


ऑर्लबरी, गफबाईंच्या घरून
१६ मे

काका,

हे पत्र तुमच्या दारातून आत टाकून जाणार आहे. काल तुमच्या धुराड्यातून धूर निघताना दिसला. दार वाजवायचं होतं. हात उचलला नाही.

रागाबद्दल आधी लिहिते, म्हणजे तो विषय संपेल. व्याख्यान रद्द केलं. सगळ्यांना पत्रं लिहिली की चूक माझी, दगड न बघता फोटोवरून बोलले. त्याचं एवढं काही वाटलं नाही. राग याचा आला की माझे वडील कोण होते हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही एका तड्यामुळे. तुमच्यावर चिडले, त्यांच्यावर त्याहून जास्त. महिनाभर तुम्हाला लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

मग एक दिवस स्वयंपाकघरातलं छोटं स्टूल पुसत होते. बाबांनी मला लहानपणी करून दिलेलं. बल्ब बदलायला अजून त्यावरच चढते. उलटं केलं. बैठकीच्या खालच्या बाजूला बाणाचं टोक, आडवी रेघ, खाली छोटी रेघ. एवढी वर्षं मी त्यावर उभी राहतेय.

म्हणून आले. तुमची काच बघायला नाही, खरं सांगते. त्यांनी कशात हात घातला होता ते बघायला.

गफबाईंनी नवऱ्याचा जुना झगा दिला आणि पायाला दोरी बांधली. म्हणाल्या, "अडकलीस तर ओढते, पण कुठला भाग हाती लागेल ते सांगत नाही." आत सरपटत दहा फूट, मग भुयार वर वळतं, तिथे उभं राहता येतं. विजेरी लावली. दगडांवर सातशे वर्षांपूर्वीच्या छिन्नीचे ओरखडे कालच मारल्यासारखे आहेत. तिथे कुणी बघणार नव्हतं आणि तरी एकेक सांधा ओळंब्यात. त्या कामाला मी हात लावून उभी राहिले.

काचा तीन होत्या. सगळ्यात वरची नाही, तिचं प्लास्टर सुटलंय, काच खाली गाळात पडली असावी. उरलेल्या दोन जागच्या जागी आहेत. मी त्या आधी ओल्या कपड्याने पुसल्या, मग कोरड्या, मग नखाने तपासल्या. एक चरासुद्धा नाही, काका. पस्तीस वर्षांत बुरूज केसभर हललेला नाही.

खालच्या काचेच्या प्लास्टरवर खिळ्याने कोरलंय: ११ ऑक्टोबर १९५८. आणि खूण. आणि कडेला अंगठा दाबलेला, प्लास्टर ओलं असताना. मी त्यावर माझा अंगठा ठेवून बघितला. त्यांचा बराच मोठा होता.

नवा अहवाल दोन पानांचा आहे. त्यात मठ नाही, चेला नाही. फक्त तारीख आणि काच. गफसाहेबांनी आत येऊन फोटो काढायचा प्रयत्न केला, खांद्यापर्यंत आले. शेवटी कॅमेरा मीच आत नेला.

लिंकनला परत जातेय. ३ जूनला यायचं की नाही ठरवलेलं नाही.

हेस्टर


ऑर्लबरी
४ जून

हेस्टर,

तू आली नाहीस, म्हणून काय झालं ते सांगतो.

तुझी दोन पानं कर्नलने मोठ्याने वाचली. इंजिनियर म्हणाला, त्याला स्वतः बघायचंय. चांगली गोष्ट. सगळे खंदकात गेलो. त्याने कोट काढला, मग जाकीट काढलं, मग बूट. डोकं आत गेलं, बाकीचा राहिला. गफबाई म्हणाल्या, "साहेब, श्वास सोडा." त्याने सोडला, तरी काही झालं नाही. मग त्याने फोटो घेतले आणि भिंग लावून पाऊण तास बघितले. माणूस वाईट नाही. उठला आणि म्हणाला, "पस्तीस वर्षांची काच खोटं बोलत नाही. माझं चुकलं." असं म्हणणारा इंजिनियर मी पहिल्यांदा बघितला.

बुरूज राहतोय. सिमेंट काढून चुना भरायचं ठरलंय. देखरेख माझी.

कर्नलने विचारलं, त्या खिडकीच्या दगडाचं काय करायचं? खोटी खूण आहे म्हणे, पुसून टाकायची का? सगळे माझ्याकडे बघायला लागले. या वेळी मला विचारलं होतं. मी म्हणालो, "खोटी नाही. ती माझा भाऊ रूबेन पार्डो, पाथरवट, याची खूण आहे. हॅलोफील्डच्या माणसाकडून घेतलेली. तसंच पुस्तकात छापा." गफबाईंनी लिहून घेतलं. पुस्तकातली डावखुऱ्या सरदाराची गोष्ट काढायला मात्र त्या तयार नाहीत.

आता काम. इंजिनियरची एक अट आहे आणि ती बरोबर आहे. पडलेल्या तिसऱ्या काचेच्या जागी नवी बसवायची, तारीख घालून. पट्टी कापून ठेवलीय. प्लास्टर मी बाहेर कालवून डब्यातून आत देईन. आत जायला तूच लागतेस.

तारखेच्या खाली खूण लागते. थोरला म्हणून ती द्यायचं काम माझ्याकडे राहिलेलं आहे, म्हणून देतो. तुझ्या बापाची घे आणि एक रेघ जोड. कुठे जोडायची ते तुझं तू ठरव, त्यात मी बोलणार नाही.

पुढच्या शनिवारी ये. उतरायला गफबाईंकडे जाऊ नकोस. माझी मागची खोली झाडलीय. जुने कपडे आण, संडास आहे तो.

अमोस